काकूंना फसवेल अशी वस्तू

जादू शिकायची असेल तर आधी वस्तू पारखून घ्यायला शीक, असं मला मागच्या गल्लीतल्या ज्या काकांनी सांगितलं, त्यांचा स्वतःचा निम्मा जन्म वस्तूंना शिव्या देण्यात गेला. नाणं हातातून पडलं तर नाणं गुळगुळीत. पत्ता दिसला तर पत्ता जाड. रुमाल मुठीतून डोकावला तर रुमाल विकणारा चोर. स्वतःच्या हाताला त्यांनी कधी चुकूनही बोल लावला नाही. आणि हे सगळं एका बाईपायी. ती बाई म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकू.

काकांनी गिरणीतले साहेब फसवले होते, मार्केटातले शेठ फसवले होते, सुरतच्या आमच्या डिंडोली वस्तीतली झाडून सगळी पोरं आणि त्या पोरांचे बापही फसवले होते. काकू मात्र लग्न झाल्यापासून एकदाही फसल्या नव्हत्या. "एकदा, फक्त एकदा तिला गंडवलं ना, की ही पेटी मी तापीत सोडून देईन," असं काका म्हणायचे. पेटी पलंगाखाली वर्षानुवर्षं पडून होती, आणि तापीचं काही अडलं नव्हतं.

मी तेव्हा साड्यांवरच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर बसवायचं काम करायची. दिवसभर पडद्यावर पानं-फुलं काढून डोळे जायची वेळ आली होती. हाताला काहीतरी वेगळं हवं म्हणून मोबाइलवर जादूचे व्हिडिओ बघायला लागले आणि एक दिवस चांगला भलामोठा मॅजिक सेट मागवून बसले. लाल खोकं, त्यावर सोनेरी ड्रॅगन, आत सोनेरी ड्रॅगनवाले कप, ड्रॅगनवाली छोटी पेटी, ड्रॅगनवाली कांडी. आई म्हणाली, "स्थळं यायच्या वयात ही पोरगी खेळणी मागवते." मग वैतागून तिनंच सांगितलं, की मागच्या गल्लीत एक म्हातारा असलेच उद्योग करतो, जा त्याच्याकडे आणि घाला दोघं मिळून गोंधळ. आईनं हे रागानं सांगितलं होतं. मी ते आज्ञा म्हणून घेतलं आणि गेले.

काका ओसरीवर बनियनवर बसले होते. मी खोकं पुढं ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही. आधी त्याचा कोपरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून चोळला. सगळी नोकरी कापडाच्या गिरणीत फोल्डिंग खात्यात गेलेली. येणारा कापडाचा प्रत्येक तागा हातानं तपासायचा, हेच काम. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते आधी चिमटीत चोळायचे आणि मग तिच्याबद्दल मत द्यायचे. केळी, पत्रिका, रेल्वेचं तिकीट, एकदा तर आमच्या ओळखीतल्या नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही, भर मांडवात.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मॅजिक सेट."

"ते दिसतंय. पण तुझ्या घरात ड्रॅगन कुणाकडे आहे?"

मी खोक्यावरच्या ड्रॅगनकडे बघितलं.

"तुझ्या आईच्या डब्यावर आहे? बापाच्या पाकिटावर आहे? नाही ना? मग ड्रॅगनवाला कप दिसला की लोक काय समजणार? यातच काहीतरी चोरी आहे, असंच समजणार. जादू सुरू व्हायच्या आधीच तू पकडली गेलीस, पोरी."

मग त्यांनी माझा एक कप उचलला आणि शांतपणे फरशीवर सोडून दिला. त्याचे दोन तुकडे झाले. काका म्हणाले, "बरं झालं, घरातच फुटला. चार माणसांत फुटला असता तर?" पैसे माझे गेले होते, पण समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला असा संताप आला की तिथूनच परत फिरावं. पण तेवढ्यात त्यांनी माझ्या कानामागून त्या कपाचा तुकडा काढून दाखवला, आणि मी बसले ती पुढची काही वर्षं बसलेच.

वस्तू घेण्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं साधं होतं. जी वस्तू घरात चालत नाही, ती जादूत चालत नाही. ज्या वस्तूला प्रेक्षकानं हात लावला की आपल्याला घाम फुटतो, ती घ्यायची नाही. कडी असेल तर तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालून बघायचे. कप असेल तर त्यातून चहा प्यायचा. दोरी असेल तर तिनं गादी बांधून गावी पाठवायची. परत आली आणि धड असली तर ती दोरी.

आता हे ऐकायला छान वाटतं. पण त्याचा परिणाम असा, की काकांची सगळी जादू काकूंच्या संसारात वापरात होती. मी शिकायला जायची तेव्हा आधी तासभर सामान गोळा करावं लागायचं. कल्हई केलेल्या तीन पितळी पेल्यांपैकी एकात विरजण असायचं. दुसऱ्यानं काकू लसूण ठेचायच्या, त्यामुळे त्याच्या बुडाला पोचा आलेला. चांगल्या वजनदार लोखंडी कड्या होत्या, त्या काकूंनी मागच्या दारी बांबूला अडकवून त्यात झाडू ठेवलेले. मी पेला मागितला की काकू अहिराणीत म्हणायच्या, "थांब, त्यामा दूध शे." मग दूध दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पेला घासायचा, आणि मग त्याखालचा चेंडू गायब करायचा. कित्येकदा चेंडूला ताकाचा वास यायचा.

आणि मग परीक्षा. रोज संध्याकाळी काकू ओसरीवर काहीतरी निवडत बसल्या, की काका समोर जाऊन उभे राहायचे. नाणं घ्यायचे. काका डावखुरे, म्हणून नाणं आधी डाव्या हातात. "हे बघ, हे नाणं. साधं नाणं. डाव्यातून चाललं उजव्यात." मग बोटं अशी लयीत वळायची की मीही दर वेळी फसायची. "जुओ, बराबर जुओ, आ हाथ तद्दन खाली छे!" म्हणजे हात अगदी रिकामा, आणि दोन्ही मुठी काकूंच्या पुढ्यात.

काकू मान वर न करता म्हणायच्या, "डावा हातमा शे."

डाव्या हातातच असायचं.

कधी काका जास्त शहाणपणा करायचे. नाणं खरोखरच उजव्या हातात द्यायचे, लबाडी न करता. तेव्हा काकू म्हणायच्या, "उजवा हातमा शे." पुन्हा बरोबर. तांदळातला खडा काढून टाकायच्या आणि म्हणायच्या, "आते जेवाले बसा." मग काका ते नाणं माझ्यापुढं नाचवायचे. "बघितलंस? वजनच नाही याला. हलकी वस्तू हाताशी इमान राखत नाही."

ते जादू कुणाकडून शिकले, हे त्यांनी एकदा सांगितलं. गिरणीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक गुजराती भाई होते. ते जेवणाच्या सुट्टीत नाण्यांचे खेळ करायचे. काका नुकतेच धुळ्याकडून आलेले, भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. भाईंनी हात कसा वळवायचा ते शिकवलं आणि हात वळवताना तोंडानं काय बोलायचं तेही शिकवलं. "गुजराती मी तिथंच शिकलो," काका म्हणायचे. "आधी जादू आली, मागून भाजीचे भाव."

काकू फसत नाहीत याचं खापर शेवटी रुमालावर फुटलं. काकांनी एके दिवशी जाहीर केलं की नाण्याचा आवाज होतो, चेंडूचा फुगवटा दिसतो, आता फक्त रेशमी रुमाल. अस्सल रेशीम मुठीत दाबलं की सुपारीएवढं होतं आणि सोडलं की आपोआप उमलतं. पॉलिस्टर दाबलं की उलटं ढकलतं. हे सगळं खरंच होतं. अडचण एवढीच, की आम्ही सुरतमध्ये राहत होतो. या गावात पॉलिस्टर उशाला घ्या, पायाशी घ्या, पुरून उरेल. हातभर खरं रेशीम पाहिजे म्हटलं की दुकानदार आपल्याकडेच संशयानं बघतो.

आम्ही रिंग रोडच्या मार्केटात गेलो. जो तो "प्युअर छे, काका, प्युअर" म्हणत कापड पुढं टाकत होता. काका चिमटीत चोळत होते आणि तोंड वाकडं करत होते. एका दुकानात मात्र त्यांची बोटं थांबली. मलाही वाटलं, मिळालं. काकांनी कडेचा एक धागा ओढला, खिशातून काडेपेटी काढली आणि तिथंच काडी ओढली.

गिरणीत ती रीतच होती. धागा जाळायचा. जळलेल्या केसांचा वास आला तर रेशीम, वितळून मणी झाला तर पॉलिस्टर. पण गिरणीतलं टेबल वेगळं आणि छतापर्यंत साड्या रचलेलं मार्केट वेगळं. सुरतच्या मार्केटात एक वेळ देवाला नावं ठेवा, पण काडी ओढू नका. तो शेठ गादीवरून असा उठला की त्याच्या वयाचा माणूस एवढा उडू शकतो हे मला माहीतच नव्हतं. दोन रखवालदारांनी काकांना काखेत धरून जिना उतरवला. मागून मी, ओढणी तोंडावर घेऊन. काका जिन्यातही ओरडत होते, "मणी झाला! मणी झाला! पॉलिस्टर आहे तुझं!" मला हसू आवरेना आणि लाजेनं मेल्यासारखंही झालं. आमच्या ऑफिसचा माल त्याच मार्केटात जायचा.

पण पंधरवड्यात काकांकडे रेशमी रुमाल आला. केशरी, मऊ, मुठीत घेतला की नाहीसाच व्हायचा. कुठून आणला म्हटलं तर म्हणाले, "जादूगाराला असं विचारत नाहीत."

त्या संध्याकाळी ओसरीवर मी श्वास रोखून बसले होते. काकू मेथी निवडत होत्या. "हा बघ रुमाल," काका म्हणाले, "डाव्यातून चालला उजव्यात." रुमाल बोटाबोटानं आत गेला. "जुओ, जुओ, कंई नथी, हाथ खाली छे." इतकं देखणं झालं होतं की मी टाळी वाजवणार होते.

काकू म्हणाल्या, "डावा हातमा शे." मग जरा थांबून, "आनि तो मना बापनी दिधेल सोवळाना तुकडा शे."

लग्नात सासऱ्यांनी दिलेलं रेशमी सोवळं. काकांनी त्याचा चौकोन कापला होता, आतल्या बाजूनं, निऱ्यांत लपेल अशा हिशेबानं. सत्यनारायणाला ते नेसून बसले तेव्हा निऱ्या नेमक्या उलट्या पडल्या आणि भटजी सबंध पोथीभर दुसरीकडे बघत वाचत राहिले. प्रसाद वाटताना काकूंनी काकांच्या हातावर तेवढा कमी ठेवला.

त्या पूजेची भांडी घासताना मी काकूंना विचारलंच. इतकी वर्षं तुम्ही ओळखता कसं? मी एवढी समोर बसते, मला दिसत नाही, आणि तुम्ही तर बघतही नाही.

काकू हसल्या. राख लावलेला हात तसाच धरून म्हणाल्या, "हातकडे कोन दखस?" हाताकडे बघतंय कोण. मग हळूच म्हणाल्या, "ह्या गुजरातीमा घुसनात का समजी लेवानं." हे गुजरातीत शिरले की समजून घ्यायचं.

मला आधी उलगडा होईना. मग आठवलं आणि डोक्यात उजेड पडला. काका घरात अहिराणी बोलायचे, माझ्याशी मराठी. नाणं दाखवताना मराठी, नाणं खरंच या हातातून त्या हातात दिलं तर शेवटपर्यंत मराठी. पण लबाडी करायची वेळ आली, की तोंड आपोआप गुजराती बोलायला लागायचं. भाईंनी हात आणि बोल एकत्रच शिकवले होते, ते कधी सुटे झालेच नाहीत. काकांना याचा पत्ता नव्हता. आणि आमच्या गल्लीत अर्धं वाक्य मराठी, अर्धं गुजराती कोण बोलत नाही? म्हणून कुणाच्या कानाला ते खटकलंच नव्हतं. काकूंच्या कानाला खटकलं होतं, लग्न झाल्या झाल्या. गुजराती आलं की वस्तू डाव्यातच राहिली. नाही आलं की उजव्यात गेली. काकूंना मान वर करायची गरजच नव्हती.

"मग सांगत का नाही त्यांना?" मी म्हटलं.

काकूंनी भांडं पालथं घातलं. त्यांना सांगितलं तर ते सुधारतील, म्हणाल्या. सुधारले तर मी एक दिवस फसेन. मी फसले की पेटी बंद. मग संध्याकाळी हा माणूस माझ्यासमोर येऊन उभा कशाला राहील? दुसऱ्या कशासाठी तर इतक्या वर्षांत कधी राहिला नाही. एवढं बोलून त्यांनी मला शपथ घातली. आणि मी, जी रोज त्या माणसाकडून "तुझीच नाणी हलकी" असं ऐकून घेत होते, ती गप्प बसले. फार कठीण गेलं. नवीन नाणी, नवीन पत्ते, नवीन चेंडू सगळे त्या बिचाऱ्या गुजराती वाक्यापायी नापास होत होते आणि मी ते बघत होते.

मग काकांचा आवाज बसायला लागला. आधी घोगरा झाला, मग फाटला. डॉक्टर म्हणाले घशात गाठ आहे, साधी दिसते, काढून टाकू. पण आवाज पहिल्यासारखा येईलच असं सांगता येत नाही. आणि ऑपरेशननंतर ते सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही.

काकांना गप्प बसवणारा माणूस जन्माला यायचा होता, तो डॉक्टर निघाला. ऑपरेशन झाल्यावर मी डबा घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि सलाइनची नळी चिमटीत चोळत होते. काकू बाजूच्या स्टुलावर. निवडायला काही नाही, म्हणून पदराचं टोक निवडत होत्या. आयुष्यभर "जरा गप बसा" म्हणणारी बाई, आता समोरचा माणूस खरंच गप्प होता आणि तिला कुठं बघावं कळत नव्हतं. "आवाज नही उना तं?" असं त्यांनी मला हळूच विचारलं. नाही आला तर. मी येईल म्हटलं. मला तरी काय ठाऊक होतं?

काकांनी ते ऐकलं असावं. त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं बूच काढलं. साधं पांढरं प्लास्टिकचं, वजन नाही, रूप नाही. त्यांनीच एरवी ते फेकून दिलं असतं. बूच डाव्या हातात घेऊन काकूंना दाखवलं. मग बोटं वळली, त्याच लयीत, हाताला टोचलेल्या सुईसकट. दोन मुठी काकूंच्या पुढ्यात आल्या.

वॉर्डात पंख्याचा आवाज होता. काकू वाट बघत होत्या. मीही वाट बघत होते, आणि कशाची, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. ते वाक्य काही आलं नाही. काकूंनी मान वर केली. माझ्या देखत पहिल्यांदा त्यांनी त्या हातांकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग म्हणाल्या, "उजवा."

काकांनी उजवी मूठ उघडली. रिकामी.

डावी उघडली. बूच.

काकांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता यायचं नाही. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं आणि बोंब मारायला आवाज नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटकडे बघितलं, त्याला काय कळणार. आणि काकू रडायला लागल्या. "बोला ना हो," त्या म्हणाल्या, "काहीतरी बोला ना." मी त्यांचा हात धरला, डॉक्टरांची आठवण करून दिली. काका घाबरले. त्यांना वाटलं ती हरली म्हणून रडते. त्यांनी तिची समजूत घालायला ते बूच पुढं केलं, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हळूहळू चोळलं आणि मान डोलावली. म्हणजे, तुझा दोष नाही. क्वालिटी आहे.

काकू रडता रडता हसल्या. मी वॉर्डाबाहेर गेले, कारण मला दोन्ही एकदम येत होतं.

आवाज आला. फाटका, खरखरीत, पण आला. बूच काकांनी देवघरात ठेवलं, बाळकृष्णाच्या शेजारी. ते वापरायचं नाही, म्हणाले, झिजेल. पेटी तापीत सोडायची मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "एकदा फसली तो योगायोग. दुसऱ्यांदा फसली तर खरं." गल्लीत मात्र त्यांनी कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही.

ते बोलायला लागल्यावरची पहिली संध्याकाळ मला आठवते. काकू आत चुलीपुढं भाकरी करत होत्या, दाराकडे पाठ. काका उंबऱ्यात उभे राहिले, दुसऱ्याच कुठल्या बाटलीचं बूच घेऊन. "हे बघ, बूच," ते खरखरले. "डाव्यातून चाललं उजव्यात." काकूंचा हात तव्यावर होता तिथंच थांबला. भाकरीला करपट वास सुटला तरी उलटेनात. मी दोघांच्या मधे उभी, आणि मलाच धाप लागलेली.

"जुओ," काका म्हणाले, "बराबर जुओ, हाथ खाली छे."

"डावा," काकू म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

काकांनी मूठ उघडली, बूच चिमटीत धरून चोळलं आणि मान हलवली. "तुला सांगितलं होतं ना," ते मला म्हणाले, "दवाखान्यातलंच पाहिजे. हे हलकं आहे."

मी हो म्हटलं. करपलेली भाकरी काकूंनी स्वतःच्या ताटात घेतली आणि शेवटच्या घासापर्यंत चवीनं खाल्ली.